कॅल्शियम टिकत नसेल तर मॅग्नेशियम मोजा

[दृश्य : हीटरच्या नळीवर जमलेला पांढरा थर, अगदी जवळून.]

प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या हीटरवरचा हा पांढरा थर नखानं खरवडून निघत नाही. व्हिनेगरचे थेंब टाकले की मात्र फसफसून विरघळतो. हे कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळ आपला सांगाडा याच द्रव्यानं उभारतात. त्यांच्यासाठी पाण्यात घातलेलं कॅल्शियम त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत इथे येऊन बसलं आहे.

अशा टँकमध्ये कॅल्शियम कितीही घाला, दोन दिवसांत आकडा पुन्हा खाली. अल्कलिनिटीचंही, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याचंही, तेच. म्हणून आणखी डोस दिला जातो आणि थर आणखी जाड होतो. अशा वेळी आधी बघायचा तो आकडा मॅग्नेशियमचा, आणि बहुतेकदा तोच मोजायचा राहून गेलेला असतो.

समुद्राच्या पाण्यातल्या धातूंमध्ये सोडियमच्या खालोखाल मॅग्नेशियमचा क्रम लागतो. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, हजारात 35 असेल तर मॅग्नेशियम साधारण 1,280 पीपीएम (ढोबळमानानं लिटरमागे तितके मिलिग्रॅम) असतं. कॅल्शियम जेमतेम 410, म्हणजे त्याच्या एक तृतीयांश.

[दृश्य : ॲनिमेशन. वाढत जाणारा स्फटिक.]

उष्ण समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं असतं, की खरं तर त्याची चुनखडी होऊन तळाशी बसायला हवी. तसं होत नाही, यात मॅग्नेशियमचा मोठा वाटा आहे. स्फटिकाचा कण तयार होऊ लागला, की कॅल्शियम आणि कार्बोनेट थरावर थर चढवू लागतात. मॅग्नेशियमच्या आयनावर कॅल्शियमइतकाच विद्युतभार असतो, म्हणून तो कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतो. पण त्याचा आकार लहान. भिंतीत मधेच वेगळ्या मापाची वीट लागली की पुढचा थर सरळ बसत नाही, तसं इथे होतं आणि स्फटिकाची वाढ अडते. मला या सगळ्या रसायनशास्त्रातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात विरघळलेलंच राहतं, आणि प्रवाळ ते आपल्या ऊतींच्या आत नेऊन, तिथल्या द्रवाचा पीएच वाढवून, हवं तिथे त्याचा सांगाडा करतात.

मॅग्नेशियम बरंच खाली आलं, 1,100 च्या आसपास, की ही अडवणूक सैल पडते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे पहिला फटका हीटरला आणि पंपाला बसतो. पुढे तळाच्या वाळूचे गठ्ठे होऊ लागतात.

[दृश्य : रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याचा थेंब.]

पण मॅग्नेशियमची बाटली उघडण्याआधी क्षारता तपासा. ती 32 असेल तर मॅग्नेशियम 1,170 च्या आसपासच दिसणार. तिथे कमतरता मिठाची आहे, मॅग्नेशियमची नाही. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर तो जुळवून घ्या.

मग टेस्ट किट. बऱ्याच किटमध्ये टँकच्या पाण्यात द्रावण थेंबाथेंबानं घालत गेलं की रंग लालसरवरून निळ्यावर जातो, आणि नेमका कुठल्या थेंबाला बदलला यावर डोळ्यांचं एकमत होत नाही. पन्नासेक पीपीएमचा फरक सहज पडतो. एकाच उजेडात, दोनदा मोजा.

आता हिशेब. टँकमध्ये 100 लिटर पाणी आहे. दगड आणि वाळूची जागा वजा करून, सम्प म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी धरून. मॅग्नेशियम 1,180 वरून 1,280 वर न्यायचं तर 10 ग्रॅम मॅग्नेशियम लागेल. स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये, म्हणजे हेक्झाहायड्रेटमध्ये, ते सुमारे 12 टक्के असतं, म्हणून साधारण 84 ग्रॅम. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एकट्या एप्सम सॉल्टवर टँक चालवला तर सल्फेट साचत जातं, म्हणून क्लोराइड जास्त आणि सल्फेट थोडं असं मिश्रण वापरलं जातं. सुगंध मिसळलेलं अंघोळीचं मीठ यासाठी चालत नाही. आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, जोरदार प्रवाहाच्या जागी हळूहळू ओता. एका दिवसात 100 पीपीएमपेक्षा जास्त वाढ नको. 50 असेल तर आणखी बरं.

1,250 ते 1,400 च्या दरम्यान कुठेही स्थिर राहिलं तरी पुरे. काही जण ब्रायोप्सिस शेवाळ मारण्यासाठी 1,600 च्या वर नेतात. मी तो मार्ग सुचवणार नाही. सागरी अपृष्ठवंशी प्राण्यांना बधिर करायला प्रयोगशाळेत मॅग्नेशियम क्लोराइडचंच द्रावण वापरतात. ती मात्रा टँकमधल्यापेक्षा कितीतरी मोठी असते हे खरं, तरी टँकमधल्या गोगलगाई हे वाढलेलं प्रमाण निमूटपणे सोसतील असं गृहीत धरू नये. शिवाय जास्त झालेलं मॅग्नेशियम पाणी बदलल्याशिवाय लवकर उतरत नाही.

[दृश्य : काचेवर आणि दगडांवर पसरलेलं गुलाबी कोरलाइन शेवाळ.]

प्रवाळांच्या सांगाड्यात मॅग्नेशियम फार थोडं जातं. हे गुलाबी कोरलाइन शेवाळ मात्र आपल्या कवचात ते भरपूर साठवतं. मऊ प्रवाळांच्या छोट्या टँकमध्ये नियमित पाणी बदललं तर वेगळा डोस सहसा लागत नाही. नव्या पाण्यात घातलेल्या सॉल्ट मिक्समधून, म्हणजे टँकसाठीच्या तयार समुद्री मिठातून, भर पडत राहते. पण दगड असे गुलाबी होऊ लागले, कठीण प्रवाळ वाढीला लागले, की महिन्याची तपासणी दोन आठवड्यांवर आणा.