थरथरत्या पत्र्यावरचा फुटबॉल

मित्रहो, टेबलावर ठेवलेला हा फुटबॉलच्या खेळाचा बोर्ड मी घरी बनवला आहे; त्याचा पत्रा थरथरू लागला की वर ठेवलेले छोटे खेळाडू आपोआप धावतात, आणि आज मी खेळाडूंपेक्षा त्यांच्या पायाखालच्या पत्र्याविषयीच अधिक बोलणार आहे. खेळ अमेरिकेचा आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या पेठा ज्यासाठी जीव टाकतात तो हा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत घेऊन धावायचा, प्रत्येकी अकरा खेळाडूंचा हा अमेरिकी फुटबॉल आहे. न्यूयॉर्कच्या ट्यूडर मेटल प्रॉडक्ट्स या कंपनीकडे थरथरत्या पत्र्यावर धावणाऱ्या मोटारींच्या शर्यतीचा खेळ आधीच होता. एमआयटी या अमेरिकी तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले इंजिनीअर नॉर्मन सॅस यांनी वडिलांकडून या कंपनीचा कारभार हाती घेतला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तीच युक्ती फुटबॉलच्या मैदानाला लावली. पुढे अमेरिकेत अनेक घरांतल्या मुलांनी नाताळच्या सकाळी हा बोर्ड सुरू केला, आणि पुष्कळांची तक्रारही एकच होती : बटण दाबताच खेळाडू पुढे जाण्याऐवजी गिरक्या घेतात, कडेला जाऊन अडकतात किंवा उलटे फिरून आपल्याच गोलाकडे चालू लागतात. या तक्रारीचे मूळ शोधण्यासाठीच मी बोर्ड बनवायला घेतला.

मुळात खेळाडू चालतो कसा, ते आधी पाहू. त्याच्या बैठकीखाली मागच्या बाजूला झुकलेले प्लॅस्टिकचे लवचीक दाते असतात. पत्रा वर उसळला की दाते वाकतात आणि बैठक किंचित पुढे ढकलली जाते. पत्रा खाली गेला की दात्यांवरचा भार कमी होतो, घर्षण घटते आणि वाकलेले दाते पुढे सरकून पुन्हा सरळ होतात. हे सेकंदाला कित्येक वेळा घडत असल्यामुळे आपल्या डोळ्यांना तो सलग धावताना दिसतो. जुन्या टूथब्रशचे डोके कापून, त्याचे केस एका दिशेला दाबून थरथरत्या पत्र्यावर ठेवलेत तर तेही असेच पळते. माझे पहिले खेळाडू त्याच जातीचे होते.

कारखान्यात तयार झालेल्या बोर्डाखाली विद्युतचुंबक असतो. अमेरिकेतला वीजप्रवाह सेकंदाला ६० वेळा आवर्तने घेतो आणि प्रत्येक आवर्तनात चुंबक लोखंडी पट्टी दोनदा ओढतो, म्हणजे सेकंदाला १२० धक्के बसतात. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर ते १०० होतील. तिथल्या चुंबकाची गुंडाळी ११० ते १२० व्होल्टसाठी असते, त्यामुळे ती आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडणे धोक्याचे आहे, आणि मुले हात लावणार अशा धातूच्या पत्र्याखाली घरगुती वीज आणणेच मला पसंत नाही. म्हणून मी १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारी लहान मोटर घेतली, तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवले आणि वेग कमीजास्त करण्यासाठी कंट्रोलर जोडला. असे एका अंगाला झुकलेले वजन फिरवले की हादरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर हादरा चौपट होतो, हे लक्षात ठेवूनच बटण हळूहळू फिरवावे.

खरे मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह १२० यार्ड लांब आणि ५३ पूर्णांक १/३ यार्ड रुंद असते. त्याच प्रमाणात मी ३६ इंच लांब आणि १६ इंच रुंद पत्रा कापला. त्यावर दहा यार्डांचे अंतर बरोबर तीन इंच येते. या मापाने सहा फुटी माणूस जेमतेम सहा दशांश इंचाचा व्हायला हवा. पण तेवढ्या लहान बैठकीवर दाते नीट बसत नाहीत, म्हणून खेळाडू मैदानाच्या मानाने मोठेच ठेवावे लागतात. रेषा मात्र पातळ रंगाच्या काढाव्यात, कारण रंगाची कड जाड राहिली की दाते तिला अडखळतात.

खरा प्रश्न पुढे आला. पत्रा मी चारही बाजूंनी चौकटीला स्क्रूंनी घट्ट आवळला होता, मोटर नेमकी मध्यभागी होती, हादराही चांगला होता. तरीही काही जागी खेळाडू वेगाने पळत आणि दोन बोटांवरच्या दुसऱ्या जागी येताच थबकत. त्याचे कारण मला रांगोळीने दाखवले. पत्र्यावर रांगोळीची भुकटी भुरभुरली आणि मोटर सुरू केली, तेव्हा ती उसळणाऱ्या भागांतून उडून स्थिर राहिलेल्या जागी रेघांनी गोळा झाली. जर्मनीचे शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून काढलेल्या आणि १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकृत्या याच तत्त्वाच्या. पत्र्यात उभ्या लाटा, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी वरखाली होणाऱ्या लाटा, तयार होतात. त्यांच्या निश्चल रेघांवर पाऊल पडले की खेळाडूला ढकलणारे काही उरतच नाही. दोष खेळाडूचा नव्हता, मैदानच जागोजागी निजलेले होते.

मग मी स्क्रू काढले, पत्रा फोमच्या पट्ट्यांवर मोकळा ठेवला, मोटर मध्यापासून थोडी बाजूला सरकवली आणि पत्र्याखाली दोन ठिकाणी लहान वजने चिकटवून पाहिली. प्रत्येक बदलानंतर रांगोळी पुन्हा पसरली. निश्चल रेघा पूर्ण नाहीशा झाल्या नाहीत, पण वेग थोडा बदलला की त्या जागा बदलत, आणि म्हणून आता मी एकाच वेगावर खेळ चालवत नाही. डाव सुरू असताना तो हलकेच वरखाली करतो.

मैदान जागे झाल्यावरच दात्यांकडे लक्ष देण्यात अर्थ आहे. उजवीकडचे दाते डावीकडच्यांपेक्षा किंचित अधिक झुकले असतील तर खेळाडू वळत जातो. म्हणून एकच खेळाडू एकाच रेषेवरून पुनःपुन्हा सोडून पाहावा आणि चिमट्याने एकेक दाता केसभर वाकवावा. हे काम रांगोळी पुसण्याआधी मात्र करू नये. तिचा कण दात्यांत अडकला की सरळ चालणारा खेळाडूही लंगडू लागतो, आणि आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.