टाकीसाठी जिवंत रोपं: स्वस्तात घ्यायची, पण टिकणारी

श्रोतेहो, नमस्कार.

माशांच्या टाकीसाठी हिरवंगार रोप आणावं, हौसेनं लावावं आणि दहा-पंधरा दिवसांत त्याची पानं विरघळून गळून पडावीत, हे टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मग पाण्याला दोष दिला जातो, दिवा बदलला जातो, खताच्या बाटल्या आणल्या जातात. खरं कारण बरेचदा खरेदीच्या वेळीच पदरात पडलेलं असतं. म्हणून आज खरेदीबद्दलच बोलू या.

रोप घेताना किमतीच्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की हे पाण्याखाली वाढलंय की पाण्याबाहेर? मोठ्या रोपवाटिकांत बहुतेक पाणवनस्पती पाण्याबाहेर वाढवतात. मुळं ओलाव्यात आणि पानं दमट हवेत. हवेतून कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो, वाढ झपाट्यानं होते, पानांवर शेवाळ धरत नाही आणि रोप प्रवासात तग धरतं. यात फसवणूक काही नाही. यातल्या कितीतरी वनस्पती निसर्गातही पाणी चढलं की पाण्याखाली आणि ओसरलं की काठच्या चिखलात अशाच जगतात. पण हवेत फुटलेलं पान जाड असतं, त्यावर मेणचट थर असतो. ते पाण्याखाली गेलं की पाण्यातला वायू त्याला नीट घेता येत नाही. मग रोप जुनी पानं सोडून देतं आणि खोडात, मुळांत असलेल्या साठ्यावर नवी, पातळ पानं काढतं. साठा पुरला तर रोप जगतं, नाही पुरला तर कुजतं. म्हणून अशा रोपाचा भाव पानांच्या गर्दीवरून करू नका. पांढरी, धडधाकट मुळं आणि जिवंत शेंडा किती आहे, ते बघा.

हा फरक ओळखायला सोपा आहे. पाण्याखाली वाढलेली फांदी पाण्याबाहेर उचलली की लगेच लोंबते, पानं एकमेकांना चिकटतात. हवेत वाढलेली फांदी ताठ उभी राहते. वॉटर विस्टेरियाची एक फांदी हातात घेऊन बघा. हवेतलं तिचं पान अखंड आणि कडेला दातेरी असतं, तर पाण्याखालचं पान मधल्या शिरेपर्यंत बारीक चिरत गेलेलं असतं. एकाच फांदीवर खाली अखंड आणि शेंड्याकडे चिरलेली पानं दिसली, तर ती पाण्याला रुळायला लागली आहे, खुशाल घ्या. रोटालाची पानं हवेत गोलसर, पाण्यात अरुंद आणि लांबट. अमेझॉन स्वोर्डला हवेत लांब देठ आणि रुंद पान, पाण्याखाली देठ आखूड आणि पान पट्टीसारखं लांब. ॲन्युबियासच्या बाबतीत मात्र ताठपणावरून काही कळत नाही, त्याचं पान दोन्हीकडे कडकच असतं.

आता एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवं. दुकानातल्या टाकीत बुडवून ठेवलेली प्रत्येक वनस्पती पाण्यातली नसते. लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, पीस लिली, मोंडो ग्रास, फिटोनिया, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस ही जमिनीवरची झाडं आहेत. पूर्ण बुडवली तर काही आठवडे तशीच दिसतात, आणि नवीन घेणाऱ्याला वाटतं, रोप छान टिकलं. प्रत्यक्षात ते हळूहळू मरत असतं. पुढे खोड मऊ पडतं, कुजतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. पानाला पांढरी किंवा पिवळी कड, पट्टे, मखमली लव असं काही दिसलं तर आधी नाव विचारा आणि ते नाव पडताळून मगच पैसे काढा. यातली लकी बांबू, सिंगोनियम आणि पीस लिली मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी ठेवली तर मात्र उत्तम चालतात, पाण्यातलं नायट्रेटही शोषून घेतात.

‘बी टाका, आठवड्यात हिरवा गालिचा’ अशा पुड्यांच्या वाटेला जाऊ नका. मॉन्टे कार्लो किंवा ड्वार्फ हेअरग्राससारखी गालिचा करणारी रोपं हौशी लोकांपर्यंत रोप म्हणून येतात, बी म्हणून नाही. पुडीतलं बी ओल्या मातीवर उगवतं, पाणी भरलं की बहुतेकदा कुजतं.

विक्रीला रोपं साधारण तीन रूपांत येतात. शिशाची पट्टी गुंडाळलेली जुडी सगळ्यात स्वस्त. तिच्यात सहा-आठ फांद्या असतात, पण पट्टीखाली दाबलेला भाग काळा पडलेला असतो. जुडी घेतलीत तर घरी पट्टी काढून तेवढा भाग कापून टाका, तशीच रोवली तर कूज वर चढते. दुसरं रूप जाळीदार कुंडीचं. कुंडी उचलून तळाशी बघा. जाळीतून मुळं बाहेर आली असतील तर रोप तिथेच वाढलेलं आहे. मुळं दिसत नसतील आणि फांदी हलकेच ओढताच हातात येत असेल, तर ती जुडीच कुंडीत खोचलेली आहे, तिला कुंडीचा भाव देऊ नका. तिसरं रूप म्हणजे टिश्यू कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या रोपांचा, बंद डबा. किंमत जास्त दिसते, पण आत छोटी रोपं दाटीनं असतात, एका डब्याचे आठ-दहा गुच्छ सहज होतात. शिवाय गोगलगाय नाही, शेवाळ नाही, कीटकनाशक नाही. झिंगे पाळणाऱ्यांनी आणि गालिच्याची रोपं घेणाऱ्यांनी हाच डबा घ्यावा. ॲन्युबियास किंवा जावा फर्नसारख्या मंद वाढणाऱ्यांसाठी मात्र डबा परवडत नाही, त्या इवल्याशा रोपांना आकार यायला फार काळ जातो.

पण खरोखर स्वस्त आणि खरोखर चांगली रोपं हवी असतील तर ती दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीतून येतात. भरभरून वाढलेली टाकी दोन-तीन आठवड्यांनी छाटावीच लागते आणि ती छाट बादलीभर निघते. ती पाण्याखालीच वाढलेली असते, म्हणून तुमच्या टाकीत विरघळायचा त्रास फार कमी. मागताना नुसतं ‘रोपं आहेत का’ असं विचारू नका. पुढची छाटणी कधी आहे, टाकीला कार्बन डायऑक्साइड देता का, टाकीत काळं दाढीसारखं शेवाळ आहे का, हे तीन प्रश्न विचारा. कार्बन डायऑक्साइडवर लालबुंद झालेली लुडविजिया साध्या टाकीत आली की हिरवट पडते, त्यात रोपाचा दोष नसतो. आणि शेवाळाबद्दल भिडेखातर गप्प बसू नका. ते काळं शेवाळ एकदा टाकीत शिरलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

दुकानातून घेत असाल तर दोन मिनिटं जास्त उभे राहा. रोपं कधी आली ते विचारा. आजच उतरलेल्या रोपापेक्षा दोन आठवडे तिथल्या पाण्यात काढून नवं पान फुटलेलं रोप चांगलं, जुनी पानं थोडी फाटकी असली तरी. ॲन्युबियास घेताना त्याचं आडवं जाड खोड अंगठ्यानं दाबून बघा. टणक आणि हिरवं असलं पाहिजे. मऊ लागलं किंवा कुजका वास आला तर परत ठेवा, ती कूज खोडातून पसरत जाते. जावा फर्नच्या पानामागे ओळीनं आलेले तपकिरी ठिपके रोग नसतात, ते बीजाणूंचे पुंजके असतात. मॉस घेताना ते पाण्यात सोडून विरळ करून बघा. त्यात केसासारख्या बारीक, फांद्या फुटलेल्या दोऱ्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या दिसल्या तर ती युट्रिक्युलॅरिया, म्हणजे मॉसमध्ये गुंतून पसरणारं पाणतण आहे. मॉसमधून ती वेगळी करणं जवळपास अशक्य. रोपाच्याच टाकीत आजारी मासे असतील तर त्या दिवशी काही घेऊ नका.

टपालानं मागवताना रोपं पाण्यात बुडवून पाठवू नका, असं पाठवणाऱ्याला आवर्जून सांगा. ओल्या कागदात सैल गुंडाळून, थोडी हवा ठेवून बंद केलेली पिशवी, ती कडक डब्यात, एवढं पुरतं. पिशवीत पाणी साठलं तर रोपं घुसळून निघतात आणि कुजतात. कडक उन्हाळ्यात कॅबोंबा आणि हॉर्नवर्ट मागवूच नका, त्यांचा लगदा होऊन येतो. ॲन्युबियास आणि क्रिप्टोकोरीन चार-पाच दिवसांचा प्रवास सोसतात.

पहिल्यांदा टाकी लावणाऱ्यांनी निम्म्याहून जास्त जागा झपाट्यानं वाढणाऱ्या रोपांना द्यावी. साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीला हायग्रोफिला, विस्टेरिया आणि ब्राह्मी म्हणजे बकोपा मिळून वीस-पंचवीस फांद्या, व्हॅलिसनेरियाची तीन-चार रोपं, क्रिप्टोकोरीनची एक भरलेली कुंडी, लांब खोडाचा एक ॲन्युबियास आणि मूठभर हॉर्नवर्ट, एवढ्यात काम होतं. झपाट्यानं वाढणारी रोपं पाण्यातलं पोषण आधी उचलतात, म्हणून शेवाळाला वाव राहत नाही. लाल रोपं आणि गालिचा नंतर. त्यांना जोरकस उजेड लागतो आणि शक्यतो कार्बन डायऑक्साइडही. ती आधी घेतली तर पैसे वाया जातात.

घरी आणल्यावर लगेच टाकीत सोडू नका. कुंडीतला लोकरीसारखा रॉकवूल चिमट्यानं सगळा काढा, रोप वाहत्या पाण्याखाली धुवा, मग औषधाचं पाणी करा. गोगलगायींसाठी तुरटी चांगली. लिटरला १० ग्रॅम, दोन-तीन तास. मोठ्या गोगलगायी मरतात, पण अंड्यांची चिकट गादी पानामागे राहते, ती नखानं खरवडूनच काढावी लागते. पोटॅशियम परमँगनेट वापरायचं तर एक ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिलिलिटर दर लिटर पाण्याला घ्या, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम होतं. रोपं त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. शेवाळ लागलेल्या कडक पानांसाठी साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच आणि १९ भाग पाणी. ॲन्युबियास दोन मिनिटं, नाजूक फांद्या एकच मिनिट. मग भरपूर धुऊन, क्लोरिन घालवणारं औषध दुप्पट घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं. मॉस, व्हॅलिसनेरिया, कॅबोंबा आणि हॉर्नवर्ट यांना ब्लीच लावू नका, ती जळतात. यातलं कुठलंही पाणी दुसऱ्यात मिसळायचं नाही, आणि हातमोजे घालायचेच.

उघड्या तळ्यात वाढलेल्या रोपांबरोबर येणारा खरा धोका गोगलगाय नाही, चतुराची अळी आहे. चतुरांच्या काही जाती खोडाच्या आत अंडी घालतात, तिथे औषधाचं पाणी पोचेलच असं नाही. अळी मोठी झाली की माशांची पिल्लं आणि झिंगे खाते. म्हणून अशी रोपं वेगळ्या बादलीत, उजेडात, दोन आठवडे ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. याच बादलीत कीटकनाशकाचा अंशही बराचसा निघून जातो. झिंग्यांना तो फार थोडाही पुरेसा घातक असतो.

आता लावणी. तळाशी वाळू पाच-सहा सेंटिमीटर हवी. फांद्या १० ते १२ सेंटिमीटरच्या करा, पेराच्या खाली कापा, खालच्या दोन पेरांवरची पानं काढा आणि एकेक फांदी दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरानं चिमट्यानं रोवा. जुडी एकत्र रोवली की आतल्या पानांना उजेड मिळत नाही आणि खालून झडायला सुरुवात होते. व्हॅलिसनेरियाचा पांढरा गळा, जिथून पानं निघतात तो भाग, वाळूच्या वर राहू द्या. ॲन्युबियास आणि जावा फर्नचं खोड पुरायचंच नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधा. क्रिप्टोकोरीनची सगळी पानं विरघळली तरी रोप उपटू नका. मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. जागा बदलली की ते पुन्हा पानं टाकतं, म्हणून एकदा लावलं की हलवायचं नाही.

पहिले दोन-तीन आठवडे दिवा सहा तासच ठेवा. गळलेलं पान दिसलं की काढा, आठवड्याला तीस टक्के पाणी बदला. मग दिवा आठ तासांवर न्या. जुन्या पानांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली तर बहुधा पोटॅशियम कमी आहे. नवी पानं फिकट येऊन शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी. क्रिप्टोकोरीन आणि स्वोर्डला खताची गोळी मुळांशी पुरावी लागते, फांद्यांच्या रोपांना पाण्यातलं पातळ खत चालतं.

इथून पुढे विकत घ्यायची गरजच कमी होते. फांदी पृष्ठभागाला टेकली की अर्ध्यावर कापा, शेंडा शेजारी रोवा, उरलेल्या बुंध्याला दोन कोंब फुटतात. व्हॅलिसनेरियाच्या धावत्या फांदीवरच्या पिल्लाला चार-पाच पानं आली की तोडा. ॲन्युबियासचं खोड धारदार पात्यानं कापताना प्रत्येक तुकड्यावर निदान चार पानं ठेवा.

उरलेली छाट मात्र नाल्यात, तळ्यात किंवा नदीत टाकू नका. जलपर्णी आणि साल्व्हिनिया यांनी अशाच मार्गानं किती पाणी झाकून टाकलंय ते आपण जाणतो, आणि हायड्रिलाचा एका पेराचा तुकडाही नवी वाढ धरतो. छाट उन्हात पूर्ण वाळवा आणि मग खताच्या खड्ड्यात टाका. कुणाला देणार असाल तर ओल्या कागदात गुंडाळून वर चिठ्ठी लावा. रोपाचं नाव, टाकीत दिवा किती तास असतो, कार्बन डायऑक्साइड आहे की नाही, आणि गोगलगायी असतील तर तेही, लपवून न ठेवता.