क्रायो-ईएममध्ये खरा छळ बर्फाचा

(चिमट्यात ग्रिड, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

दिसतेय? जेमतेम ३ मिलिमीटरची तांब्याची जाळी. हिला आम्ही ग्रिड म्हणतो. जाळीवर कार्बनचा पापुद्रा आणि पापुद्र्याला एक-दोन मायक्रॉनची भोकं. त्या भोकांत प्रोटीन गोठवायचं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो काढायचे. क्रायो-ईएम म्हणजे एवढंच! पण या बर्फापायी महिनेच्या महिने जातात.

गोठवायचं कशाला? मायक्रोस्कोपच्या आत निर्वात पोकळी असते, प्रोटीनभोवतीचं पाणी क्षणात उडून जाईल. साधा बर्फही चालत नाही, त्यातले स्फटिक प्रोटीनची वाट लावतात. मग पाणी इतक्या झटक्यात गोठवायचं की रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळू नये. असा काचेसारखा बर्फ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जाक दुबोशे यांच्या गटाने करून दाखवला. २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

आता गंमत बघा. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन हाताशी असतो, तरी ग्रिड बुडवतो द्रव इथेनमध्ये. नायट्रोजन ग्रिडला लागला की उकळतो, भोवती वाफेचं पांघरूण तयार होतं आणि गोठणं मंदावतं. इथेन असं सहजी उकळत नाही. फक्त फार गार झालं की तेच गोठून बसतं. मग बसा वितळवत.

तर, ग्रिडवर प्रोटीनच्या द्रावणाचा ३ मायक्रोलिटर थेंब ठेवायचा, टिपकागदाने तीन-चार सेकंद टिपायचा आणि ग्रिड खाली इथेनमध्ये सोडायचा, धप्प! जास्त टिपलं तर भोकं कोरडी, कमी टिपलं तर बर्फ इतका जाड की इलेक्ट्रॉन नीट पार होत नाहीत. माझे चार ग्रिड तर बुडवून झाल्यावर गेले. चिमटा आधी गार करायला विसरले होते. हा बर्फ तापून उणे १३५ अंशांच्या आसपास पोचला की त्यात स्फटिक व्हायला लागतात.

मायक्रोस्कोपमध्येही जपावं लागतं. इलेक्ट्रॉनांचा मारा वाढला की प्रोटीन जळतं, म्हणून मारा बेताचा. त्यामुळे फोटो मुंग्या आलेल्या टीव्हीसारखा. लाखो प्रतिमा एकावर एक बसवून सरासरी काढली की मग कुठे आकार उमटतो.

आणि चांगलं भोक कसं दिसतं? करडं, गुळगुळीत, आत पुसट ठिपके. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रिकामं समजून पुढे गेले होते.

(ग्रिड वर धरून) हिची मात्र काळजी नको. कडेला वाकलीय, म्हणून तुम्हाला दाखवायला घेतली.