फोटोत प्रोपेलर थांबला, तर

[दृश्य: स्पिटफायर डावीकडून येतं, प्रेक्षकांसमोरून निघून जातं]

निळं आकाश, त्यात दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर. रिवेट न् रिवेट मोजून घ्यावा इतका स्वच्छ फोटो. फक्त प्रोपेलरची चारही पाती जागच्या जागी गोठलेली. शटर होतं १/२००० सेकंदाचं. पाहणाऱ्याला वाटतं, एकतर इंजिन बंद पडलंय, नाहीतर खेळणं दोऱ्याला टांगलंय.

जेट विमानांना ही अडचण नाही. हंटर असो की मिग-२१, १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लावावं आणि मोकळं व्हावं. प्रोपेलरवाल्यांचं मात्र गणित मांडावं लागतं.

स्पिटफायरच्या बऱ्याच मर्लिन इंजिनांत प्रोपेलर इंजिनाच्या ०.४७७ पट वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्या घेत असेल, तर प्रोपेलर घेतो साधारण १,१५०. म्हणजे सेकंदाला १९. त्या वेगाने १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश सरकतं, १/२५० ला २७ आणि १/१२५ ला ५५. दोन पात्यांमधलं अंतर ९० अंशांचं. पूर्ण चकती हवी असेल तर १/७५ पर्यंत उतरावं लागतं. तीन पात्यांच्या विमानाला आणखी खाली, १/६० पेक्षाही मंद. तेवढा हट्ट कशाला? १/१६० ते १/१२५ ला पाती फिरताना दिसतात, तेवढं पुरतं.

[दृश्य: गवतावरून विमान सावकाश पुढे सरकतं]

जमिनीवर हिशोब बदलतो. टॅक्सी करताना इंजिन मंद असतं, त्यामुळे हवेत चाललेला १/१२५ इथे पात्यांना पुन्हा गोठवतो. इथे १/६० लावा. विमान हळू चालतंय, म्हणून तेही सांभाळता येतं.

शटर मंदावलं की विमानच हलायला लागतं. उपाय पॅनिंगचा. विमान जिथे बरोबर समोर येणार, त्या दिशेला पाय रोवा, कमरेतून मागे वळा, आणि ते येताना त्याच्याबरोबर फिरत राहा. बटण दाबल्यावरही फिरणं सुरूच ठेवायचं. बहुतेक फोटो बिघडतात ते शेवटच्या झटक्याने. लेन्सचा स्थिरीकरणाचा स्विच पॅनिंगच्या खुणेवर हवा, नाहीतर तुमचं फिरणं हा हादरा समजून लेन्स ते रोखू पाहते. फोकस कॉकपिटवर ठेवा. अगदी जवळून जाणाऱ्या विमानाचं नाक आणि शेपूट फ्रेममध्ये वेगवेगळ्या गतीने सरकतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी धारदार येत नाहीत. आणि पहिल्या फेरीला १/५०० वर एक हमखास फोटो काढून ठेवा. मग खाली उतरा.

[दृश्य: आकाशाच्या फोटोवर करड्या ठिपक्यांची नक्षी]

हे ठिपके पक्षी नव्हेत, सेन्सरवरची धूळ आहे. लख्ख उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० आणि शटर १/१२५ म्हटलं की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, जातं एफ/१६ वर. इतक्या लहान छिद्रातून एरवी न दिसणारा कणही कोऱ्या आकाशावर उमटतो. दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश दोनदा निम्मा करणारा, एनडी फिल्टर लावला की एफ/८ वर परत येता. सेन्सर आदल्या दिवशीच साफ करून घ्यावा.

दुसरा घोटाळा इलेक्ट्रॉनिक शटरचा. बिनआवाजी असल्यामुळे मोह होतो. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर एकेक ओळ वाचत जातो, आणि पूर्ण वाचायला १/२० सेकंद लागत असेल तर तेवढ्यात आपल्या प्रोपेलरची जवळजवळ एक फेरी झालेली असते. पातं केळ्यासारखं वाकतं, कधी तुटून हवेत तरंगताना दिसतं. इथे मेकॅनिकल शटरच लावावं.

ढगाळ दिवशी कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर पांढरं आकाश मोजतं आणि विमानाची काळी सावली करून टाकतं. एक्सपोजर एक स्टॉप वर न्या. आकाश पांढरं पडलं तर पडू द्या.

[दृश्य: संध्याकाळचं ऊन, गवती धावपट्टी]

इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहाचं ब्लेरिओ ११ आहे, १९०९ सालचं. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची अशी नाजूक विमानं वारा पडल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, आणि वारा पडतो बहुधा संध्याकाळी. तिरपं सोनेरी ऊनही त्याच वेळेला. घरी निघालेल्यांच्या गाड्या फाटकाशी असतात तेव्हा.

[दृश्य: संग्रहालयाचा हॉल, वरून]

आता छताखाली. वॉशिंग्टनजवळच्या उदवार-हेझी केंद्रात एकाच छताखाली दोन विमानं आहेत. एक अमेरिकेचं टेहळणी विमान एसआर-७१, काळंकुट्ट. ६ मार्च १९९० रोजी त्याने लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन हे अंतर १ तास ४ मिनिटांत कापलं. दुसरं हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं बी-२९, एनोला गे, उघड्या अ‍ॅल्युमिनिअमचं. काळं विमान फ्रेम भरून घेतलं की मीटर त्याला राखाडी करतं; एक स्टॉप खाली या. चकाकत्या धातूचं एक्सपोजर मात्र त्यात दिसणाऱ्या दिव्यांवर ठरतं. दिव्यांचे बिंदू पांढरेफटक पडले तर चालतील, पण पत्र्यांचे सांधे दिसलेच पाहिजेत. इथे पोलरायझर फिल्टर फिरवून उपयोग नाही. रंगावरची किंवा काचेवरची चमक तो कमी करतो, उघड्या धातूवरची नाही. दोन पावलं बाजूला सरका, प्रतिबिंब आपोआप हलतं.

कॉकपिटच्या पारदर्शक छतावर तर पोलरायझर उलटा त्रास देतो. ते अ‍ॅक्रिलिकचं असतं. घडवताना त्यात राहिलेला ताण इंद्रधनुष्यी पट्ट्या होऊन फोटोत येतो. फिल्टर काढा, आणि संग्रहालयाची हरकत नसेल तर लेन्सचं रबरी हूड काचेला टेकवा.

ट्रायपॉडला अनेक ठिकाणी मनाई असते, म्हणून कठड्याला कोपर टेकवून आयएसओ १६०० ते ३२०० वर काम भागवा. एलईडी दिव्यांखाली फोटोत काळसर पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर (अमेरिकेत १/१२५ किंवा १/६० वर) आणून पाहा. आणि १६ मिलिमीटर लेन्सने नाकाशी उभं राहू नका, इंजिनाचा गोल घेर अंडाकृती होतो. मागे जागा असेल तर ३५.

[दृश्य: बी-१७ चं नाक, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या]

इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या बी-१७ या जुन्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानावर एका बाजूला ‘सॅली बी’ लिहिलंय, दुसऱ्या बाजूला ‘मेम्फिस बेल’. हे दुसरं नाव त्याच नावाच्या चित्रपटाच्या वेळचं. खरं मेम्फिस बेल अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे, २०१८ पासून प्रदर्शनात. रंगावर विसंबू नका. जुन्या विमानांवर दुसऱ्याच विमानाचे क्रमांक रंगवणं सर्रास चालतं. निर्मात्याची धातूची पाटी कुठे दिसली तर ती टिपून घ्या, थोडी तिरपी, म्हणजे उठावाची अक्षरं सावलीने वाचता येतील. शेजारच्या माहितीफलकाचाही एक फोटो. मग विमानाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जा.