सोडले आहे

नमस्कार मंडळी. येशूच्या शिकवणीवर चार शब्द बोला, असं समितीनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. डोंगरावरच्या प्रवचनाची टिपणं काढून झाली होती. गेल्या शनिवारी रात्री माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं ती बाजूला ठेवायला लावली.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला होता. कोल्हापुरात घर बांधताना दादानं माझ्याकडून तीन लाख घेतले, त्याला आठ वर्षं झाली. "आता एक रुपया सोडणार नाही," असं मी कणीक मळता मळता नवऱ्याला मोठ्यानं सुनावलं. मग ताटं वाढली, हात जोडले आणि येशूनं शिकवलेली रोजची प्रार्थना सुरू केली. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लेकीनं डोळे उघडले. "आई, 'सोडले आहे' म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ ना? म्हणजे झालंय. मग मामाचं कधी सोडलंस?"

आपल्याच शनिवारच्या मराठी शाळेत ती त्या दिवशी काळ शिकून आली होती.

कोल्हापूरच्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये आजीच्या मांडीवर बसून मी ही ओळ पाठ केली. पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, आजीच्या इरकल लुगड्याचा वास. इतकी वर्षं म्हणत आले, पण त्यातलं 'आहे' कधी कानांवर पडलंच नाही. त्या रात्री लूकचं शुभवर्तमान उघडलं. तिथं हीच प्रार्थना साध्या वर्तमानकाळात आहे. जरा हायसं वाटलं. पण तिथं ऋण्याच्या आधी 'प्रत्येक' आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायातला चाकर आठवा. राजाचं त्याच्यावरचं कर्ज मजुराच्या जवळजवळ 6 कोटी दिवसांच्या मजुरीएवढं. राजानं ते सोडलं. बाहेर पडताच यानं सोबत्याचा गळा धरला, 100 दिनारांसाठी. 100 दिनार म्हणजे 100 दिवसांची मजुरी. हातावर पोट असलेल्याला ती थोडी नव्हे. येशू ते येणं खोटं म्हणत नाही, क्षुल्लकही म्हणत नाही. म्हणून तर ही गोष्ट मला टोचते. माझे तीन लाखही खरेच आहेत.

आणि मंडळी, हे माझ्या एकटीचं नाही. गेल्या वर्षी हिशोबाच्या वहीवरून आपण एकाच शहरात, एकाच शनिवारी दोन दिवाळ्या केल्या. आपले मित्र कुठं गेले, हे पोरांना कळेना. शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला, हे आपण त्याच पोरांना अभिमानानं सांगतो. मघाशी चहाच्या टेबलाशी मात्र दोन घोळके होते, एकमेकांकडं पाठ करून. हे मी प्रेमानंच सांगतेय, पण सांगायला हवं.

मंगळवारी दादाला फोन लावला. "पुराचं पाणी किती?" "राजाराम बंधाऱ्यावर एक्केचाळीस फूट. चढायलंय अजून." "गल्लीत?" "न्हाई आलं." मग तो गप्प, मीही गप्प. पैशांचं ओठांवर आलं होतं. "जपून राहा," एवढंच म्हणून फोन ठेवला.

आता पाणी उतरतंय म्हणतात. मी परत फोन केलेला नाही. जेवताना त्या ओळीशी आलं की लेक माझ्याकडं बघते, आणि माझा आवाज बारीक होतो.