स्लो कुकरमध्ये आधी कांदा करून बघा

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय स्लो कुकरबद्दल, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याबद्दल. बऱ्याच घरात तो थोडे दिवस ओट्यावर असतो आणि मग वरच्या कप्प्यात जातो, कारण सगळं एकत्र टाकून बटण दाबलं की संध्याकाळी पाणचट आणि सगळं एकाच चवीचं असं काहीतरी हाती येतं. मला विचाराल तर आपण त्याच्याकडे अख्खं तयार जेवण मागतो, तिथेच बिनसतं. त्याच्याकडून वेळखाऊ काम करून घ्या, म्हणजे कांदा, स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला अर्क), कडधान्य, टोमॅटो सॉस वगैरे, आणि शेवटची दहा मिनिटं स्वतः गॅसवर घालवा.

गंमत म्हणजे त्याचा जन्मही एका कामासाठीच झालाय. अमेरिकेत अर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं आणि ते भांडं विकलं जायचं मुख्यतः बीन्स शिजवायला. पुढे रायव्हल कंपनीने ते घेतलं आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट नावाने आणलं, तेव्हापासून सगळं जेवण त्यातच करायची पद्धत पडली.

आता कांदा. हे एकदा कराच. भांडं दोन तृतीयांश भरेल इतका कांदा उभा पातळ चिरायचा, तीनचार चमचे तेल किंवा बटर, थोडं मीठ, झाकण लावून लो वर आठ ते दहा तास, रात्री लावला तर सकाळी तयार. कांदा बसून अगदी थोडा उरतो, तपकिरी होतो, गोडसर होतो, पण पाणी बरंच सुटलेलं असतं म्हणून शेवटचा तासदीड तास झाकण जरासं तिरकं ठेवायचं म्हणजे वाफ निघून जाते. गार झाला की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाका. मग ग्रेव्ही, सूप, ऑम्लेट काहीही करताना दोन तुकडे काढले की झालं, कांदा परतत उभं राहायला नको.

झाकणाचं मात्र ऐका. बाकी वेळी ते उघडायचं नाही, एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि वाफ आतच राहते म्हणून पाणी आटत नाही, नेहमीच्या रेसिपीपेक्षा निदान एक तृतीयांश पाणी कमी घाला. लो आणि हाय याबद्दलही गैरसमज आहे, बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही शेवटी जवळपास सारख्याच तापमानाला, उकळीच्या जरा खाली पोचतात, हाय तिथे लवकर पोचतं एवढंच. म्हणून लो वर ठेवलं की करपणारच नाही, सुकणारच नाही असं धरून चालू नका.

मांसाहार करत असाल तर खांद्याचे किंवा पायाचे चिवट तुकडे घ्या. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, तासन्‌तास हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा दाट होतो. चिकनचा ब्रेस्ट पीस यात दिवसभर नका ठेवू, रश्शात बुडालेला असला तरी आतून कोरडा आणि भुसभुशीत होतो. आणि फ्रोझन मांस तसंच टाकायचं नाही, ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात आणि गोठलेलं मांस त्या टप्प्यात फार वेळ अडकून राहतं. याच कारणाने फ्रीजमधलं उरलेलं अन्नही यात गरम करू नये, आधी गॅसवर चांगलं उकळा, मग हवं तर वॉर्म वर ठेवा.

राजमा वापरणाऱ्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो आणि स्लो कुकरची मंद आच त्याला नष्ट करेलच असं नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो, उलट्या जुलाब सगळं होतं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळी येऊन किमान दहा मिनिटं जाऊ द्या आणि मगच स्लो कुकरमध्ये. टोमॅटो किंवा लिंबू कडधान्य मऊ झाल्यावरच घाला, आंबटपणामुळे ती लवकर शिजत नाहीत.

कंदमुळं तळाला आणि कडेला लावा, उष्णता तिथूनच येते, आणि गाजर बटाटा अशा मंद आचेत बराच वेळ घेतात.

आता ती गॅसवरची दहा मिनिटं. तासन्‌तास शिजलेल्या पदार्थाचा ताजा वास उडून गेलेला असतो, तो परत द्यावा लागतो. थोड्या तेलात लसूण खमंग करून वरून ओता, कोथिंबीर बारीक चिरून घाला, लिंबू पिळा, मिठाची चव आत्ता बघा. दूध, क्रीम, दही शेवटच्या पंधरावीस मिनिटांतच, आधी घातलं तर फाटतं. रस्सा पातळ वाटला तर कढईत काढून मोठ्या आचेवर आटवा, फार फरक पडतो.

आणि काम झालं की गरम भांड्यात गार पाणी ओतू नका किंवा फ्रीजमधलं भांडं तसंच तापलेल्या बेसवर ठेवू नका, सिरॅमिकला तडा जातो. आधी नीट निवू द्या, मग धुवा.