हजेरीचं मस्टर वाचता येतं का आपल्याला?

मागचे लोक पुढे या, कूलर इकडंच आहे. आधीच सांगून टाकते, मी प्राध्यापक वगैरे नाही, हिंगणा अन् बुटीबोरीत मिळून 19 वर्षं एचआरमध्ये गेली, त्यातली निम्मी तर लेटमार्क मोजण्यातच. रिसर्च म्हटलं की आपल्याला वाटतं हे पुण्या-बेंगळुरूकडचं काम, आपण फक्त त्यांचं पीपीटी विकत घ्यायचं. पण आपल्या नागपुरातच बघा ना. एम्प्रेस मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला, आज तिथं मॉल आहे, तुम्ही पिक्चर पाहायला जाता. जमशेटजी टाटांना इथं पहिल्यापासून खाड्यांचा त्रास, कामगार दोन-चार दिवस यायचे की मग गायब. नुसता दंड लावत बसण्यापेक्षा त्यांनी बक्षिसं ठेवली, 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई चालू केली, मिलमधली हवा सुधारायला यंत्रं बसवली. तेव्हा एचआर हा शब्दही नव्हता बाप्पा, पण माणूस येऊन का नाही राह्यला हा प्रश्न त्यांनी इथल्या माणसाकडे बघून सोडवला.

आता उन्हाचं घ्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपण सगळे म्हणतो, लोक दांड्या मारतात. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन अन् मीनू तिवारी यांचा भारतातल्या कारखान्यांवरचा अभ्यास 2021 मध्ये छापून आला, त्यात दिसलं की गरमीच्या दिवसांत काम घसरतं अन् खाडेही वाढतात, कंपनीत गारवा केला तर काम घसरायचं थांबतं पण खाडे काही थांबत नाहीत. मला तरी याचं नवल वाटलं नाही. एसी फ्लोअरवर आहे अन् माणूस रात्रभर टिनाखाली तळमळतोय, सकाळी सहाची बस त्यानं कशी पकडायची? तर हा पेपर वाचून लगेच पाच कूलर मागवू नका, आधी आपले लोक झोपतात कुठं ते बघा.

माझी गोष्ट सांगते. पॅकिंगच्या बायका, पहिली शिफ्ट सातची, अन् उन्हाळ्यात लेटमार्कचा नुसता पाऊस. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट काढला, वारानुसार, सोमवार असो की शुक्रवार सगळे सारखेच, म्हणजे काही पॅटर्न नाही, म्हणजे आळशीपणा, असं आम्ही ठरवूनही टाकलं. मग एका रविवारी घरी मी महिन्याचं पंचिंग छापून डायनिंग टेबलवर पसरलं, खाली पट्टी धरून एकेक ओळ लाल पेनानं रंगवत गेले, तर काही बायकांच्या ओळीत एक दिवस लाल, एक दिवस कोरा, पुन्हा लाल, पुन्हा कोरा, झेब्र्यासारखं. या आठवड्यात सोम-बुध-शुक्र असेल तर पुढच्यात मंगळ-गुरू-शनी, म्हणून वाराच्या रिपोर्टमध्ये ते दिसतच नव्हतं. पत्ते काढले तर सगळ्या एकाच वस्तीतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेले तिथं, पाण्याचे गुंड, डबे, प्लास्टिकच्या कॅना, ही लाइन लागलेली. टँकर एक दिवसाआड. तो येतो सहा ते साडेसहाच्या मधात कधीतरी, तो ड्रायव्हर ठरवणार. एक जण मला म्हणाली, म्याडम तुम्ही इथं काहून, तुमच्या घरी बी नळ गेला का?

टँकरच्या दिवशी त्या बायकांना साडेसातची वेळ दिली, संध्याकाळी अर्धा तास जास्त. सुपरवायझर चिडला, उद्या सगळेच मागतील म्हणे. मागितलं दोघांनी, दिलं नाही, कारण त्यांच्या ओळीत झेब्रा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल आम्ही सर्व्हे करतो की दरवर्षी. करता, अन् फॉर्मच्या वर एम्प्लॉयी कोड लिहायला लावता, मग सगळे 'उत्तम'वरच टिक मारणार ना, कोण स्वतःहून विहिरीत उडी घेईल? शिवाय ठेकेदाराचे पोट्टे त्यात धरतच नाही तुम्ही, त्यांचं मस्टर ठेकेदाराच्या बॅगेत, अन् रात्रपाळी त्यांच्याच जोरावर चालते. शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात 1924 पासून लाइट कमी-जास्त करून बघत होते, उजेड वाढवला तरी काम वाढायचं, कमी केला तरी कधीकधी वाढायचं, मग लोक म्हणाले आपल्याकडे कोणी बघून राह्यलं याचाच तो परिणाम. त्यावर अजून वाद आहेत, पण एवढं धरा, तुम्ही वही घेऊन फ्लोअरवर उभे राहिलात की पहिला आठवडा खोटा असतो. तो मोजूच नका.

एक गोष्ट मघाशी मुद्दाम गाळली. त्याच्या आदल्या वर्षीही मे महिन्यात हेच झालं होतं, तेव्हा आम्ही नोटिसा दिल्या, माझ्याच सहीच्या. जूनमध्ये लेटमार्क थांबले, मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, बघा, नोटिसा लागू पडल्या, अन् मीही मान हलवली. पाऊस पडला होता हो, विहिरी भरल्या, टँकर बंद झाला. त्या नोटिसा त्या बायकांच्या फायलीत तशाच राहिल्या, एकीचं इन्क्रिमेंट त्यावरून अडलं. काढून टाका म्हणून मी अर्ज केला तर वरून विचारलं, याला पॉलिसी कुठली? आठ महिने लागले ते कागद फायलीतून काढायला.

हं, विचारा, कोणाचा हात होता मघाशी?